फोनमधले रुमाल आजच सोडा

कुंभकोणम आणि तंजावरातल्या, तिथून चेन्नई, बेंगळुरू, पुणे, परदेश असं पांगलेल्या सर्व तंजावर मराठी कुटुंबांना कळकळीची विनंती

घरातल्या जुन्या कागदांचे फोटो कुणा भाच्याने, नातीने ‘झिप’ करून तुमच्या फोनवर पाठवले असतील आणि ‘उघडत नाही, नंतर बघू’ म्हणून ते तसेच पडून असतील, तर हे आवाहन तुमच्यासाठीच आहे. नंतर बघू नका, आज बघा.

घाई अशासाठी की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल आपण उतरवून घेतली नाही, तर ती व्हॉट्सअ‍ॅपकडे कायमची जपून ठेवलेली नसते. बरेच दिवस उलटल्यावर बोट टेकवलं, की पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा असा निरोप मिळतो. तोवर पाठवणाऱ्याने फोन बदललेला असतो. दुसरा धोका आपल्याच हातातला. फोनची जागा संपत आली की मोठ्या फाइली काढून टाकायच्या का, असं फोनच विचारतो. त्या यादीत झिप सगळ्यात वर बसलेली असते. तिचं चित्र दिसत नाही, नाव ‘न्यू फोल्डर २’ असलं काहीतरी. अंगठा सहज ‘डिलीट’वर जातो आणि पणजोबांच्या हातचा हिशेब गेला, हे घरात कुणाला कळतही नाही.

व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. दरबारचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, त्यांची काळजी घेणारी माणसं आहेत. घरगुती कागदांना असा वाली नाही. जमिनीचे दस्त, देवस्थानाला दिलेली देणगी, लग्नाचा खर्च, सोयरिकीची पत्रं: हे सारं कपाटात, माळ्यावर, नाहीतर आता फोनमध्ये. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचं दिवाणपद सांभाळणारे टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमच्याच मराठी घरात जन्मले. अशा गावात कुणाच्या फडताळात काय निघेल, सांगता येत नाही. आणि ईशान्य मोसमी पावसात कावेरीकाठच्या घरांत कागदाचं काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगावं? मूळ कागद कसरीने खाल्ला असेल, तर तो फोटो हाच आता अस्सल.

मग सरळ फोटो का पाठवले नाहीत, झिपची भानगड कशाला, असं वडीलधारे विचारतात. मुलांनी केलं ते बरोबरच केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत आक्रसतं, बारकावे जातात. मोडी लिहिताना लेखणी फारशी उचलत नाहीत. आधी ओळ आखायची आणि तिच्याखाली अक्षराला अक्षर जोडत जायचं. एका वळणाने शब्द बदलतो आणि आक्रसलेल्या फोटोत नेमकं ते वळणच पुसट होतं. आपल्यातले कित्येकजण घरी मराठी बोलतात पण लिहितात तमिळ लिपीत, आणि मोडी वाचणारं घरात सहसा कुणी नसतं. तेव्हा हे फोटो पुण्यातल्या एखाद्या मोडी जाणकाराकडे जायचे, तर स्पष्टच हवेत. झिप म्हणजे दप्तरातला रुमाल: पन्नास कागद एकत्र बांधलेले, आतला एकही न चुरगळलेला. फोटोंचा आकार मात्र झिप केल्याने फारसा घटत नाही, ती आशा ठेवू नका.

उघडायला नवं काही विकत घ्यावं लागत नाही. अँड्रॉइड फोनवर ‘फाइल्स बाय गूगल’मध्ये ‘डाउनलोड्स’मधल्या झिपवर बोट टेकवा, आतली यादी दिसेल, मग ‘एक्स्ट्रॅक्ट’ दाबा. शेवटी झिप काढून टाकण्यासाठी एक चौकट दिसेल, तिच्यात खूण करू नका. आयफोनवर २०१९ पासून ‘फाइल्स’मध्ये झिपवर बोट टेकवलं की शेजारी फोल्डर तयार होतो. आधी फोनमध्ये पुरेशी जागा करा, कारण काही काळ गाठोडं आणि आतले कागद दोन्ही जागा घेतात. नावाच्या शेवटी ‘आरएआर’ किंवा ‘सेव्हनझेड’ असेल, तर पाठवणाऱ्याकडून साधी झिप मागवून घ्या. ‘फुकट अनझिप’ म्हणून मिरवणारं आणि तुमचे संपर्क, एसएमएस वाचायची परवानगी मागणारं कुठलंही अ‍ॅप घेऊ नका.

‘फाईल खराब आहे’ असं आलं तरी लगेच काढून टाकू नका. झिपमध्ये कुठला कागद कुठे आहे, ही यादी फाइलीच्या अगदी शेवटी असते. नेट मध्येच तुटून शेवटचा तुकडा आला नाही, की आतलं बहुतेक सारं शाबूत असूनही फोन हात वर करतो. वायफायवर पुन्हा उतरवा, पाठवणाऱ्याकडचा आणि आपला आकार एकच आहे ना ते पाहा.

पाठवणाऱ्या तरुणांनो, तुम्हालाही दोन शब्द. फाइलींना तमिळ वा देवनागरी नावं दिलीत, तर काही जुन्या अ‍ॅप्समध्ये उघडताना त्यांचा चौकोन-प्रश्नचिन्हांचा कचरा होतो आणि कुठलं पान कुठल्या चोपडीतलं, हे कळेनासं होतं. नावात साधे आकडे आणि रोमन अक्षरं ठेवा. कागद कुणाच्या घरचा, कुठे सापडला, ते वेगळ्या टिपणात मराठीत नाहीतर तमिळमध्ये खुशाल लिहा. घराण्याच्या जुन्या कागदांना पासवर्ड घालू नका. तो जाणणारा माणूस गेला की कागद असून नसल्यासारखे. आधार, पॅन, बँकेचे कागद असतील तर मात्र पासवर्ड हवाच, आणि तो त्याच संदेशात नको, फोन करून सांगा.

एक इशारा, आणि याला अजिबात अपवाद नाही. लग्नपत्रिका, बँकेची सूचना, वाहनाचं चलन अशा नावाखाली येणारी, शेवटी ‘एपीके’ असलेली फाईल म्हणजे कागद नव्हे, ते फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप आहे. झिप सोडल्यावर आत ते निघालं तरी त्याला हात लावू नका. ओळखीच्या नंबरवरून आलेलं असलं तरी आधी फोन करून विचारा. त्याचा फोन आधीच चोरांच्या हाती गेलेला असू शकतो. पैसे गेलेच, तर क्षणभरही न दवडता भारतातल्या १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर फोन करा.

कुंभकोणमच्या तळ्यावरचा पुढचा महामहम उत्सव २०२८ मध्ये आहे. तेव्हा पांगलेली घरं तळ्याकाठी एकत्र येतीलच. त्याआधी प्रत्येक घराने एक माणूस नेमावा. त्याने सगळ्यांच्या फोनमधल्या झिप सोडवून पानं मोजावीत, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवावी आणि मगच फोन मोकळा करावा. आज रात्री जेवणं उरकली की फोनमधलं ‘डाउनलोड्स’ उघडा आणि न उघडलेली पहिली झिप सोडा.