चाकांवरचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों. तींत थोडी चेष्टा आहे, थोडी कींवहि आहे. ज्याला बूड टेकावयास स्वतःचें घर नाहीं, तो मनुष्य आम्हां पेठकऱ्यांच्या दृष्टीनें अर्धवटच. परंतु ज्यांचें चांगलें चार खोल्यांचें घर आहे, त्या घरापुढें हिरवळ आहे, अशा गृहस्थांनीं हौसेनें विंचवाची वृत्ति पत्करली, तर त्यांना काय म्हणावें? हा प्रश्न मला २०२३ च्या उन्हाळ्यांत पडला, आणि तो आमच्या जांवयांनींच पाडला. त्याची हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवतों. कारण तींत हौसेच्या हिशेबाबरोबर संसाराचाहि एक हिशेब आहे.

माझी कन्या व जांवई अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत राहतात. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों. घरीं पोंचलों तों दारांत एक भली थोरली पिवळी बस उभी! ती होती एका शाळेची जुनी गाडी. तिकडील शाळांच्या गाड्यांचा हा पिवळा रंग १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें, कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयांत भरलेल्या परिषदेंत ठरला. पहांटेच्या अंधुक उजेडांत त्या रंगावरील काळीं अक्षरें स्पष्ट दिसतात, हें त्याचें कारण. शाळा अशा गाड्या कांहीं वर्षें वापरून लिलावांत काढतात, आणि हौशी लोक त्या घेऊन त्यांचीं फिरतीं घरें करतात. जांवयांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें, “बाबा, हें आपलें दुसरें घर.” सौभाग्यवतींनीं आंत डोकावून एवढेंच विचारलें, “अगबाई, हिच्यांत चूल कोठें मांडायची?”

तो प्रश्न थट्टेचा नव्हता. गाडी बाहेरून ३५ फूट लांब. पण चालकाच्या आसनामागें उरलेली जागा २५ फूट लांब व साडेसात फूट रुंद, म्हणजे जेमतेम १८७ चौरस फूट. आमच्या वाड्यांतील माजघर याहून मोठें होतें. एवढ्या जागेंत निजणें, रांधणें, मोरी, शौचकूप आणि चार माणसांचें सामान बसवावयाचें होतें.

घर करण्याचें हें काम मोडण्यापासून सुरू होतें. आसनें काढावयाचीं, तर त्यांचे बोल्ट गंजानें जाम झालेले. पान्हा फिरेना, तेव्हां विजेच्या चक्रीनें त्यांचीं डोकीं कापावीं लागलीं. चौदा वर्षांचा नातू डोळ्यांवर जाड चष्मा व कानांवर झांकणें लावून बापाच्या शेजारीं उभा असे. छत उंच करण्यासाठीं त्याच्या पोलादी कमानी कापण्याचाहि जांवयांचा बेत होता. पण गाडी उलटली तरी शाळेच्या बसचें छत चेपूं नये, असा नियम तिकडे १ एप्रिल १९७७ पासून लागू आहे, आणि छताचें तें बळ या कमानींतच असतें. त्या कापून पुन्हां जोडावयाच्या तर हात तसाच कसबी हवा. तो आपला नव्हे, हें जांवयांनीं वेळींच ओळखलें.

मेच्या अखेरीस तळाचें रबर उचललें, त्याखालील प्लायवुड उपटलें, आणि गंज दिसला. उत्तरेकडील राज्यांत हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तें खारट पाणी गाडीचें पोट खालून खातें, आणि बोल्टांच्या भोंकांतून झिरपलेलें पाणी वरून खातें. मागच्या चाकांवर पत्रा इतका कुजला होता कीं, पेंचकस टोंचतांच आरपार गेला व खालची जमीन दिसली. नातू त्या वेळीं शाळेंत होता, कन्या कचेरींत. जांवई बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं एक फळी उचलून त्या जागेवर ठेवली आणि हलक्या आवाजांत म्हणाले, “बाबा, एवढ्यांत हिला कांहीं बोलूं नका.” ठरविलेल्या रकमेपैकीं निम्मी तोंवर खर्च झाली होती, आणि तींत माझ्या कन्येच्या स्वतःच्या मिळकतींतील शिल्लक होती.

मुलीच्या संसारांत बापानें किती बोलावें, हा प्रश्न पुरातन आहे. बोलावें, तर जांवयांचा विश्वास मोडतो. न बोलावें, तर मुलीचा. मीं सौभाग्यवतींनाहि सांगितलें नाहीं. कारण त्यांना सांगणें म्हणजे मुलीलाच सांगणें. तीन रात्री मला नीट झोंप आली नाहीं. कन्या रोज संध्याकाळीं उत्साहानें पडद्यांचीं कापडें दाखवी, आणि मी खालीं पाहून ‘छान आहे’ म्हणें.

चवथ्या दिवशीं मीं जांवयांना बाजूला घेतलें. म्हणालों, “जांवईबापू, तुमच्या घरांत मी पाहुणा आहें, चहाडी करणार नाहीं. पण बांधकाम खात्याच्या नोकरींत मीं तीस वर्षें पूल तपासले. गंजावर रंग फांसलेला पूल कांहीं दिवस उभा राहतो, आणि भरल्या वाहतुकींत खचतो. रविवारपर्यंत तुम्हीं स्वतः सांगा. तिनें मला विचारलें, तर मी खोटें बोलणार नाहीं.”

त्याच रात्रीं स्वयंपाकघरांतील दिवा उशिरापर्यंत जळत होता. सकाळीं कन्या विजेरी घेऊन गाडीखालीं गेली, तासाभरानें बाहेर आली, आणि मला तिनें एकच प्रश्न केला, “बाबा, आरपार गेलेलें किती, आणि वरवरचें किती?” त्या एका प्रश्नांत सगळें शास्त्र आहे. गाडीखालील दोन मुख्य तुळयांचे पापुद्रे सुटूं लागले असतील, तर हौस आवरून गाडी भंगारांत द्यावी हें उत्तम. तुळया ठणठणीत असून केवळ पत्रा खाल्ला असेल, तर तो बरा होऊं शकतो. आमच्या सुदैवानें तुळया शाबूत होत्या. कुजलेला भाग कापून तेथें नवा पोलादी पत्रा जोडला. वरवरचा गंज तारेच्या कुंच्यानें खरवडून त्यावर फॉस्फोरिक आम्लाचा लेप दिला. मग गंजरोधक रंग, आणि प्रत्येक भोंक बुजवून पक्कें केलें. या कामांत पांच आठवडे गेले.

कन्येचा राग गंजाविषयीं नव्हता. चार दिवस तो फळीखालीं झांकून ठेवला, त्याविषयीं होता. त्या चार दिवसांत माझाहि वांटा होता. तिनें तें मला बोलून दाखविलें नाहीं. पण पुढील कांहीं दिवस पडद्याचें एकहि कापड मला दाखविलें नाहीं, त्यावरून मीं काय तें समजलों.

त्या दिवसापासून जमाखर्चाची वही तिच्याकडे गेली, आणि कामाला वळण लागलें. तिनें वातानुकूलन यंत्र प्रथम रद्द केलें. विजेची वांटणी तिनें घरखर्चाप्रमाणें केली. शीतपेटीला दिवसाकांठीं ६०० वॅट-तास, पंख्याला २४०, संगणक व फोन यांना २००, दिव्यांना १२०, पाण्याच्या पंपाला ४०, एकूण १२००. छतावरील ४०० वॅटच्या सौर तावदानांना चार तास चांगलें ऊन मिळालें तर १६०० होतात. त्यांतून चौथाई तूट वजा जातां १२०० उरतात. म्हणजे जमा तितकाच खर्च! ढगाळ दिवसासाठीं १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी घेतली. तिच्यांत सुमारें दोन दिवसांची बेगमी मावते. ही बॅटरी शून्य अंशाखालीं गारठली असतां भरणें तिला बाधतें, म्हणून तिची पेटी आंतल्या उबेंत ठेवली. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हें आपण बोलतों. तेथें तें वॅटांत मोजलेलें पाहिलें.

वजनाचेंहि तसेंच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २०० लिटरांची टांकी भरली कीं २०० किलोंचा भार, म्हणजे तीन भरदार माणसें एका कोपऱ्यांत बसल्यासारखें झालें. म्हणून टांकी खालीं, पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध ठेवली, आणि तोल राखण्यासाठीं समोरच्या अंगास फडताळ व हत्यारांची पेटी मांडली. गाडी भरल्यावर ती वजनकांट्यावर नेऊन पाहिली.

सर्वांत मोलाची सूचना मात्र सौभाग्यवतींची. जांवयांच्या नकाशांत मोठा पलंग मागच्या भिंतीशीं आडवा होता, आणि शाळेच्या गाडीला असलेलें मागचें संकटकाळचें दार त्याच्याआड जात होतें. गुडघेदुखीमुळें काठी टेकीत त्या आंत आल्या, सगळें पाहून झालें, आणि म्हणाल्या, “पुढें शेगडीनें पेट घेतला, तर मीं उतरायचें कोठून?” कोणाजवळ उत्तर नव्हतें. पलंग उभा करून एका अंगास लावला, दाराकडे वाट मोकळी ठेवली. निजण्याची जागा वीतभर कमी झाली. ती कोणासहि कमी वाटली नाहीं.

शेगडीचा गॅस हवेहून जड असतो. तो गळला तर खालीं सांचतो. म्हणून त्याची सूचना देणारें यंत्र जमिनीलगत बसवावें, आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशीं बाहेर उघडणारी झरोक्याची वाट ठेवावी. विषारी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें यंत्र वेगळें हवें. पोलादी भिंतीवर कुकरची वाफ व माणसांचा श्वास थिजून पाणी होतें, आणि तेंच पुढें गंजाचें बीज. म्हणून भिंतींत उष्णतारोधक थर व छतांत हवा ओढणारा पंखा, हीं दोन्हीं पाहिजेत. बहुतेक राज्यांत असल्या गाडीचा पिवळा रंग बदलावा लागतो, आणि ‘थांबा’ ही पाटी व लाल उघडझाप दिवे काढावे लागतात. आमची गाडी फिकट निळी झाली.

सप्टेंबरांत आम्ही निघालों. मॅकिनॅकचा १९५७ सालीं खुला झालेला सुमारें पांच मैलांचा पूल ओलांडून उत्तरेस सुपीरियर सरोवराच्या कांठीं मुक्काम केला. पलीकडचा तीर दिसत नाहीं असें तें गोडें पाणी! सौभाग्यवतींनीं त्या शेगडीवर पिठलें-भात केला. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळीं मी उठलों तों जांवई चहाच्याहि आधीं कन्येला सांगत होते, “डाव्या अंगाची तिसरी खिडकी गळते आहे, मीं खालीं भांडें ठेवलें आहे.” तिनें वही काढून तें टिपून घेतलें, आणि दोघेंहि हंसलीं. त्या दिवशीं दुपारीं पडद्याचें उरलेलें कापड तिनें मला दाखविलें.

इकडे परतल्यावर एका स्नेह्यांनीं विचारलें, “आपल्याकडे एस.टी.ची जुनी गाडी घेऊन असें करतां येईल काय?” १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धांवली, तेव्हांपासून त्या गाडीवर आपला जीव आहे. आणि जुन्या बसला दुसरा जन्म देणें आपल्यालाहि नवें नाहीं. पुण्यांत २०१६ पासून जुन्या बसगाड्यांचीं स्त्रियांसाठीं स्वच्छतागृहें केलेलीं लोकांनीं पाहिलीं आहेत. परंतु उभी गाडी वेगळी व रस्त्यावर धांवणारी वेगळी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, निर्मात्यानें दिलेल्या रूपांत मनास येईल तसा फेरफार मालकाला करतां येत नाहीं. म्हणून गाडी घेण्यापूर्वीं परिवहन कचेरींत जाऊन काय चालेल व काय चालणार नाहीं हें लेखी विचारून घ्यावें.

आणि गाडी पाहावयास जातांना बरोबर एक पेंचकस न्यावा. रबर उचलून, पत्र्याला टोंचून पाहावें. जें दिसेल तें त्याच संध्याकाळीं घरांत सर्वांना सांगावें.