लस जनतेच्या पैशातून, मालकी कंपनीची

रोटाव्हायरसविरोधी भारतीय लसीचा विषय निघाला, की भांडवली वृत्तपत्रे एकच पालुपद घोळवू लागतात : खाजगी उद्योगाच्या कर्तबगारीमुळे गरिबांच्या मुलांना एका डॉलरमध्ये जीवदान मिळाले! सरकारने फार तर पैसे पुरवावेत आणि बाकी सारे कंपन्यांवर सोपवून बाजूला व्हावे, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष. या लसीचा इतिहास नेमकी उलट साक्ष देतो.

१९७३ साली मेलबर्नच्या बालरुग्णालयात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अतिसाराने आजारी मुलांच्या आतड्यातील नमुन्यांत हा विषाणू दिसला. चाकासारख्या आकारावरून त्याला नाव पडले. तो लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी नष्ट करतो. बाळाला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब होतात आणि अंगातले पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात. लसीपूर्वीच्या काळात जगातील जवळजवळ प्रत्येक मुलाला, श्रीमंताच्या काय नि गरिबाच्या काय, पाच वर्षांच्या आत त्याची लागण होऊन जाई. लागण वर्गभेद पाळत नव्हती, मृत्यू मात्र पाळत होता. २००८ साली या विषाणूने जगात सुमारे ४ लाख ५३ हजार बालके दगावली, असा अंदाज आहे. त्यांतील पाचव्या हिश्श्याहून अधिक एकट्या भारतातील. हेलसिंकीच्या मुलाला वेळेवर सलाइन मिळत होते. पावसाळ्यात ज्या गावाचा आरोग्य केंद्राकडे जाणारा रस्ताच वाहून जातो, तेथील मुलाला ते मिळत नव्हते.

आता लसीची जन्मकथा पाहू. १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, काही नवजात अर्भकांमध्ये रोटाव्हायरस आढळला. पण ती आजारी पडली नव्हती. निसर्गतःच सौम्य झालेला हा वाण डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा केला. ११६-ई या नावाने तो ओळखला जातो. त्याची लस होऊन परवाना मिळेपर्यंत २०१४ साल उजाडले. या जवळजवळ तीस वर्षांत भार कोणी वाहिला? केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने, सरकारी वेतनावरील शास्त्रज्ञांनी, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थांनी आणि काही देणग्यांनी. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे ६,७९९ बालकांवर अंतिम चाचणी झाली. ती बालके सामान्य घरांतली होती. हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने उत्पादनाचे तंत्र बसवले. ते सोपे काम नव्हे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तीस वर्षे वाट पाहणारा भागधारक कोणी पाहिला आहे काय?

मग सार्वजनिक कारखान्याने हे उत्पादन का केले नाही? याच लसीच्या चाचण्या चालू असताना, जानेवारी २००८ मध्ये, केंद्र सरकारने कसौलीची केंद्रीय संशोधन संस्था, कुन्नूरची पाश्चर संस्था आणि गिंडीची बीसीजी लस प्रयोगशाळा या तिन्हींचे उत्पादन परवाने स्थगित केले. उत्पादनाचे दर्जाविषयक नियम पाळले जात नाहीत, हे कारण सांगण्यात आले. उणिवा होत्या, यात वाद नाही. पण वर्षानुवर्षे यंत्रसामग्रीला पैसा द्यायचा नाही आणि मग यंत्रे जुनी झाली म्हणून टाळे ठोकायचे, हा न्याय सावकाराचा आहे. देशभर ओरड झाल्यावर २०१० मध्ये स्थगिती उठली. तोवर बाजारपेठ खाजगी उत्पादकांच्या हाती गेली होती. पुढे तामिळनाडूत चेंगलपट्टू येथे सुमारे ६०० कोटींचा सार्वजनिक लस प्रकल्प उभारला गेला. २०२१ साली कोविडने माणसे मरत असताना त्यातून लसीची एक कुपीही बाहेर पडली नाही.

येथे दुसऱ्या बाजूच्या एका चुकीचाही समाचार घ्यायला हवा, कारण ती आपल्या मित्रवर्तुळांतही आढळते. लस म्हणजे बहुराष्ट्रीय कंपन्यांचा डाव, खरा उपाय शुद्ध पाणी, असे काही जण आवेशाने मांडतात. नळाला शुद्ध पाणी असलेल्या देशांतही हा विषाणू मुलांना गाठत होता, हे ते विसरतात. मात्र पाण्याचा प्रश्न लसीपाशी संपतही नाही. ही लस तोंडावाटे द्यायची, जिवंत विषाणूची असते. आतड्यात वाढूनच ती प्रतिकारशक्ती जागवते. कुपोषित आणि इतर जंतूंनी ग्रासलेल्या आतड्यात ती नीट रुजत नाही. युरोपात नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण देणारी रोटारिक्स लस दक्षिण आफ्रिकेत ७७ टक्के आणि मलावीत ४९ टक्केच उपयोगी ठरली. भारतीय लसीचे तीव्र अतिसारापासूनचे संरक्षण पहिल्या वर्षात ५६ टक्के भरले. म्हणजे गटारांची आणि रेशनची लढाई हीच लसीचीही लढाई आहे. चाचणीचे केंद्रनिहाय आकडे खुले करा, अशी मागणी न्यायालयापर्यंत गेली. त्या मागणीला लसविरोधी ठरवणारे कोणाची वकिली करीत होते, हे वेगळे सांगायला नको.

लस मिळाली तरी ती चालू राहीलच, याची हमी बाजार देत नाही. २०१८ साली अमेरिकेच्या मर्क कंपनीने पश्चिम आफ्रिकेतील चार गरीब देशांना सुमारे साडेतीन डॉलर दराने ठरलेला आपल्या रोटाव्हायरस लसीचा पुरवठा आखडता घेतला. त्याच सुमारास ती लस चीनच्या बाजारात दसपटीहून अधिक किमतीला उतरली. कंपनीने उत्पादनातील अडचणींचे कारण दिले. अडचण सोसायची पाळी मात्र बुर्किना फासो आणि मालीतील बालकांवर आली.

नोरोव्हायरस या पोटाच्या दुसऱ्या विषाणूच्या बाबतीत हीच गोष्ट नव्याने घडते आहे. १९६८ मध्ये ओहायोतील नॉरवॉक गावच्या शाळेत उद्भवलेल्या साथीतून तो उजेडात आला. तो दरवर्षी सुमारे दोन लाख बळी घेतो. मरणाऱ्या बालकांपैकी बहुतेक गरीब देशांतील. त्यावर आजवर एकाही लसीला मान्यता मिळालेली नाही. २०२४ मध्ये मॉडर्ना कंपनीने सुरू केलेली मोठी चाचणी प्रौढांवर आहे, त्यातही प्रामुख्याने साठीपुढील माणसांवर. त्याच वर्षी हिलवॅक्स या दुसऱ्या अमेरिकी कंपनीची तान्ह्या बाळांसाठीची लस चाचणीत अपयशी ठरली. कंपनीने बाळांसाठीचे काम थांबवले आणि तीच लस प्रौढांना कितपत चालेल, याचा विचार सुरू केला.