सायबर हल्ला परक्याचा, जबाबदारी सरकारची

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका खाजगी टर्मिनलचे संगणक बंद पडले. हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता, पण त्याच्या झळा आपल्या धक्क्यावरील कामापर्यंत पोहोचल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने रशियाच्या लष्करावर ठपका ठेवला. रशियाने तो नाकारला. दोघांच्या भांडणात तिसरा भरडला गेला.

लोकांच्या अत्यावश्यक सेवांवर असे हल्ले करू नयेत, आपली भूमी त्यासाठी जाणूनबुजून वापरू देऊ नये, असे दंडक संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्येच सुचविले. परंतु ते ऐच्छिक आहेत. ते बंधनकारक व्हावेत यासाठी भारत सरकारने आग्रह धरला पाहिजे.

मात्र परक्या शत्रूकडे बोट दाखवून घरची जबाबदारी टळत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर हल्लेखोरांनी निकामी केले. सुमारे दोन आठवडे कर्मचाऱ्यांनी हाताने नोंदी करून रुग्णसेवा चालविली. नेटवर्कचे विभाग नीट वेगळे ठेवले नव्हते, हे सरकारनेच संसदेत सांगितले. म्हणजे चोर बाहेरचा असला तरी दाराला कडी नव्हती. पण निलंबनाची कुऱ्हाड कोसळली ती दोन कर्मचाऱ्यांवर! धोरण वरच्यांचे आणि शिक्षा खालच्यांना, हा न्याय आम्हा रेल्वे कामगारांच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

रेल्वेत सिग्नल बिघडला तरी काट्याला क्लॅम्प व कुलूप लावून, लेखी परवाना देऊन, हातसिग्नलवर गाडी पुढे काढता येते. ही व्यवस्था नियम जाणणाऱ्या अनुभवी माणसांवर उभी आहे. आज सिग्नलपासून तिकिटापर्यंत सारे संगणकावर जात असताना पदे रिकामी ठेवणे आणि देखभाल कंत्राटावर सोपविणे म्हणजे सुरक्षेशी खेळ आहे.

संगणकाला आमचा विरोध नाही. आमच्या मागण्या सरळ आहेत : संगणक-सुरक्षेची कामे कायम व प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे द्या, हाताने काम चालविण्याचा सराव नियमित घ्या, धोका वेळीच कळविणाऱ्यास संरक्षण द्या, आणि चौकशी वरून सुरू करा. देशाची सुरक्षा ही सरकारची जबाबदारी आहे. ती ठेकेदाराच्या गळ्यात किंवा कामगाराच्या माथी मारता येणार नाही.