वैद्यपुत्राचे शिक्षण

वैद्याच्या मुलाने वैद्यच व्हावे, ही आपल्या व्यवसायातील जुनी अपेक्षा. मुलाचा ओढा यंत्रांकडे वा हिशेबाकडे असला, तरी त्यास आयुर्वेद महाविद्यालयातच धाडले जाते. पुढे तो अनिच्छेने दवाखान्यात बसतो आणि वडिलांनी उभारलेली औषधशाळा बंद पडते. अशी उदाहरणे आपल्या परिचयात थोडी नाहीत.

याविषयी आपल्या वरोऱ्यातील महारोगी सेवा समितीच्याच एका प्रकल्पाचे उदाहरण आम्हांस मननीय वाटते. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ साली भामरागडच्या अरण्यात, हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पात कार्यास आरंभ केला. १९७६ मध्ये तेथे आश्रमशाळा निघाली. स्वतःच्या मुलांना शहरी शाळेत न पाठविता या दांपत्याने त्याच शाळेत माडिया मुलांसमवेत बसविले. दवाखान्याचे अंगण, माडिया बोली, अनाथ वन्य पशूंचा सहवास, हे सारे त्यांच्या शिक्षणाचाच भाग झाले. (आज इंग्रजी शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या पालकांस हे साहस वाटेल!)

पुढे दिगंत डॉक्टर झाले, अनिकेत अभियंता. रुग्णसेवेचा वारसा थोरल्याकडे आला, म्हणून धाकटे परके झाले नाहीत. प्रकल्पाच्या व्यवस्थापनाची धुरा अनिकेत यांनी उचलली; २०१५ मध्ये नेलगुंड्यासारख्या दुर्गम गावी त्यांनी व समीक्षा आमटे यांनी शाळा सुरू केली. डॉक्टरच्या मुलाची उद्यमशीलता नफ्याच्याच वाटेने जाते असे नाही. पदवी कोणतीही असो, रुग्ण आणि त्याचे दारिद्र्य त्यांनी बालपणीच पाहिले होते. आमच्या मते खरे शिक्षण ते.

आपल्या औषधशाळांना आज नेमकी अशाच माणसांची निकड आहे. २००० साली ‘शेड्यूल टी’ लागू झाल्यापासून जागा, यंत्रे, नोंदी, कच्च्या मालाची तपासणी, सर्वच काटेकोर झाले. निर्मितीवर आयुर्वेदाचा पात्रताधारक तज्ज्ञ असावा लागतो, हे खरे. तो वेतनावर नेमता येतो. परंतु हिरडा किडका आला तर तो परत करण्याचे धैर्य वेतनावर मिळत नाही. ते मुलाच्या अंगी यावयाचे, तर सुटीत त्याने खलाजवळ, भट्टीजवळ आणि रुग्णांच्या रांगेजवळ बसले पाहिजे.

आपल्या संघटनेची औषधनिर्मितीविषयक शिबिरे केवळ पदवीधर वैद्यांसाठी न ठेवता सभासदांच्या अन्य शाखांत शिकणाऱ्या मुलामुलींनाही खुली करावीत, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.