दोन दिवसांचं घर

माजरी भद्रावती तालुक्यात आणि ताडोबाच्या दारातलं मोहर्लीही त्याच तालुक्यात. वाघ बघायला परदेशातून लोक येतात, पण आमच्या घरातल्या कोणी तिथे एकही रात्र काढली नव्हती. खाणीची ड्यूटी, मुलांच्या परीक्षा, आणि सुट्टी मिळाली तर ती कोणाच्या लग्नात नाहीतर मय्यतीत जायची. उतरायचं नातेवाइकांकडेच. पैसे देऊन दुसऱ्याच्या गावात घर घ्यायचं, ही गोष्ट आम्हाला नवीनच होती.

गेल्या डिसेंबरात नागपूरहून दीर-जाऊ आणि त्यांची मुलं आली आणि मुलांनी ताडोब्याचा हट्ट धरला. आम्ही आठ माणसं. रिसॉर्टचा खर्च झेपणारा नव्हता. शिवाय तिथल्या कोंबडीबद्दल कोणाला काय विचारणार? अम्मींना पथ्याचं लागतं, ते वेगळंच. तेव्हा ठरवलं की स्वयंपाकघर असलेलं घर मिळालं तरच जायचं.

शेतकऱ्यानं घराचा एक भाग पाहुण्यांना भाड्यानं देणं ही पद्धत जगात जुनी आहे. फ्रान्समध्ये अशा घरमालकांची संघटना १९५५ सालीच उभी राहिली. तरुण शहराकडे जात होते, गावातली घरं ओस पडत होती; भाड्यामुळे ती टिकली. इटलीनं १९८५ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला. आपल्या राज्यात पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आहे, आणि २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणही आलं. ताडोब्याची गोष्ट थोडी निराळी आहे. १९५५ मध्ये हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. आतली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं बाहेर वसवली गेली. काठावरच्या गावांचंही जंगलात जाणं-येणं आटलं. मग कोणी गाइड झालं, कोणी जिप्सी चालवू लागलं, कोणी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी रंगवून घेतल्या. वाघ जिवंत राहण्यात गावाचाही फायदा असावा, तो असा.

आम्ही पहिला फोन केला. घर रिकामं होतं, भाडंही सांगितलं. मग नाव विचारलं. आम्ही सांगितलं. पलीकडून आवाज आला, "थांबा, घरी विचारून सांगतो." त्यानंतर फोन उचलला गेला नाही. नावामुळे की दुसऱ्या कशामुळे, आम्हाला ठाऊक नाही. उगाच कोणावर आळ घेऊ नये. पण शेजारी बसलेली आमची मुलगी म्हणाली, "अम्मी, नाव शेवटी सांगायचं ना. नाहीतर नुसतं ताई म्हणायचं."

त्या रात्री घरात यावरच बोलणं झालं. नाव लपवून घर मिळेलही, पण मग दोन दिवस त्या घरात चोरासारखं राहायचं का? नमाज दार लावून पढायची, अम्मींना हाक मारतानाही जपायचं? सुट्टी कसली ती! आणि मुलांना काय शिकवणार? दुसऱ्या दिवशी फोन केला तो नावापासूनच सुरू केला. माणसं किती, आमचं जेवण आम्ही करणार, कोंबडी घरून हलाल करून आणणार, पहाटे नमाजला उठणार, सगळं सांगून टाकलं. फोनवर घरची बाई होती. थोडं थांबून म्हणाली, "या ना जी ताई. फक्त कापाकापी अंगणात नको, सासूबाईले चालत नाही. अन् मटणाची भांडी तुमची तुमी आना." आम्हाला हे फार आवडलं. तिनं तिची अट सांगितली, आम्ही आमची. दोन्ही बाजूंना मान खाली घालायची वेळ आली नाही. आम्ही थोडा अॅडव्हान्स पाठवला आणि निघालो.

पुढे ती राहते, मागच्या दोन खोल्या आणि चूल-गॅस असलेलं स्वयंपाकघर आमच्याकडे. आल्याआल्या तिनं मुलांना एकच ताकीद दिली: अंधार पडल्यावर अंगणाबाहेर पाऊल नाही. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसांवर वाघ येतो, हे आपल्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात ऐकायला मिळतं. आम्हाला काळजी पडली. पाण्याची टाकी अंगणाच्या टोकाला, आणि फजरचं वजू तर अंधारातच करायचं. आम्ही काही बोललो नव्हतो. पण रात्री झोपण्याआधी तिनं पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या आणि एक तांब्या आत मोरीत आणून ठेवला. "तुमी पहाटे उठता म्हनाले ना. उजाडेपर्यंत बाहेर निघू नका."

फोनवर नाव लपवलं असतं तर नमाजही लपवावी लागली असती, आणि त्या बादल्या अंगणातच राहिल्या असत्या.

निघायच्या दिवशी आम्ही ओटा धुतला, चूल सारवली, कचरा पिशवीत भरून बरोबर घेतला. भाडं दिलं तरी घर अमानतच असतं. तिनं मुलांच्या हातात लाडू ठेवले, मोहाचे. जाऊबाई जरा बिचकल्या. ती हसली, "मोह म्हटलं की लोकायले दारूच आठवते. हे सुकवलेल्या फुलाचे आहेत, तीळ-गूळ घालून." मुलांनी तिथेच संपवले. मग तिनं पाहुण्यांची वही काढली आणि आठही नावं एकेक विचारून स्वतःच्या हातानं लिहिली. पहिलं नाव आमच्या मुलीनं सांगितलं, पूर्ण नाव, आडनावासकट.

तुम्ही जाणार असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यातही. सफारीचं बुकिंग घराच्या भाड्यात धरलेलं नसतं. ते आधी, वेगळं करावं लागतं. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. संडास घरात आहे की अंगणात, हे म्हाताऱ्या माणसांसाठी जरूर विचारा. स्वयंपाकघर पूर्ण मिळणार की वाटून, कोणाची भांडी वापरायची, हे फोनवरच ठरवा.

आणि फोन केलात की आधी नाव सांगा. एखादं दार उघडणार नाही. ते घरी बसल्या कळलेलं बरं.