लोणावळ्याला गाडी कशाला?

पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाचा रस्ता म्हणजे वाहनतळच. हॉर्न वाजवत ताटकळणाऱ्या किती पुणेकरांना आठवते की, ११ मार्च १९७८ पासून पुणे-लोणावळा लोकल धावते आहे? सुमारे ६४ किलोमीटरचा प्रवास, खर्च एका वडापावाच्या आसपास. भाजे लेणी, लोहगड, विसापूर यांच्यासाठी मळवलीला उतरावे. भाज्याचा पायथा तिथून चालत गाठता येतो. कार्ल्याची एकवीराही याच स्थानकाजवळ.

पण नुसते पर्यटकांना सुनावून भागणार नाही. मावळातले दूधवाले, विद्यार्थी, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले कामगार लोकलवर हौसेने नव्हे, गरजेने विसंबतात. त्यांना छळतो तो दुपारचा विरळ फेऱ्यांचा काळ. एक गाडी चुकली की अर्धा दिवस वाया. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या त्याच दोन रुळांवरून जाणार, तर लोकलला बाजूला थांबणे आलेच. तिसरी-चौथी मार्गिका म्हणूनच हवी. ती होईपर्यंत दुपारच्या फेऱ्या तरी वाढवा.

खरी गोची स्थानकाबाहेर आहे. कामशेतला उतरलेल्या माणसाला पवनानगर किंवा नाणे मावळात जायला वेळेवर एसटी नसेल, तर तो दुचाकीचे हप्ते भरणारच. त्याला दोष कसा द्यायचा? एसटी आणि रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून लोकलच्या वेळांशी बसच्या वेळा जुळवाव्यात. याला नवा पूल लागत नाही की नवा बोगदा.