माळ्यावरचा स्टोव्ह

गॅस संपला तर हाताशी असावा म्हणून एके काळी घरोघरी माळ्यावर रॉकेलचा स्टोव्ह असे. ऐन वेळी खाली काढावा, तर वॉशर सुकलेला आणि पिन हरवलेली! संगणकांच्या दुनियेतही असे स्टोव्ह आहेत.

आम्हा सुकापूरकरांना हा विषय परका नाही. आमच्या पनवेल तालुक्यातच २०२० साली 'योट्टा'चे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांत काम एकाच सर्व्हरवर पडू नये म्हणून ते अनेकांत वाटतात; बँकेत रांग वाढली की दुसरी खिडकी उघडावी तसे. आणि अख्खे केंद्रच बंद पडले तर? त्यासाठी दूरच्या शहरात दुसरे केंद्र असते, त्याच हिशेबाची नक्कल सांभाळणारे.

मग २४ फेब्रुवारी २०२१ रोजी काय झाले? मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाल्याचे बाजाराने सांगितले. राखीव केंद्र चेन्नईत होते. काम तिकडे का हलवले नाही, असे सेबीने विचारले.

हलवणे वाटते तितके सोपे नसते. संपर्क तुटला म्हणजे मुख्य यंत्र बंदच पडले असे नव्हे. ते चालू असताना दुसऱ्याने कारभार घेतला, तर एका दुकानाच्या दोन वह्या होतात. शिवाय दूरची नक्कल क्षणभर मागे असू शकते. त्या क्षणातल्या सौद्यांचे काय? म्हणून माणसे कचरतात. त्याची किंमत मात्र सौद्यात पैसे अडकलेला सामान्य माणूस मोजतो.

सेबीने मार्च २०२१ मध्ये नियम कडक केले : अर्ध्या तासात संकट जाहीर करा, पुढच्या ४५ मिनिटांत काम सुरू करा. २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजार मुद्दाम उघडला. पहिले सत्र मुख्य केंद्रातून, दुसरे राखीव केंद्रातून. सौदे खरे, पैसेही खरे. १८ मे रोजी पुन्हा तेच.

माझे म्हणणे एवढेच, की ही शिस्त बाजारापुरती राहू नये. बँका, रेल्वे आरक्षण, इस्पितळे यांनीही वर्षातून एकदा, आधी कळवून, राखीव यंत्रणेवर खरे काम चालवावे आणि निकाल ग्राहकांना सांगावा. त्या दिवशी आपली थोडी गैरसोय होईल. ती आपण सोसावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपण जाणतोच. पण खणलेल्या विहिरीला पाणी आहे ना, हेही अधूनमधून पोहरा सोडून पाहायला हवे.